लेकराचे पोट का दुखते?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त महिला मंडळाने घेतलेल्या कार्यक्रमात एका सेवानिवृत्त परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मी काही वक्ता नाही. माझी सारी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, आणि त्यातली पुष्कळ वर्षे मुलांच्या वॉर्डात. मंडळाच्या अध्यक्षताई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही आरोग्यावर काहीतरी बोला." मी म्हटलं, आरोग्यावर बोलायचं तर सगळं जगच आलं, मला एक विषय द्या. तेव्हा त्यांनीच हसत सांगितलं, "वंदनेनंतर बाया तुम्हाला जे विचारतात, तेच सांगा." आणि बाया मला काय विचारतात? "सिस्टर, आमच्या पोराचं पोट सारखं दुखते. डॉक्टरला दाखवलं, सोनोग्राफी केली, काहीच निघालं नाही. मग दुखते काहून?"

हा प्रश्न मी माझ्या नोकरीत शेकडो वेळा ऐकला. पण त्याचे उत्तर मी शिकले ते माझ्या स्वतःच्या घरात, आणि तेही चुकून. म्हणून आधी घरचीच गोष्ट सांगते. माझा मुलगा आता मोठा आहे, त्याला स्वतःची मुले आहेत. त्याला विचारूनच सांगते आहे.

ही गोष्ट २००२ सालची. जुन्या लोकांना हे साल लगेच आठवेल, कारण त्याच वर्षी आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल बंद पडली. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली ही मिल. १९८६ मध्ये ती टाटांकडून सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. आपल्या समाजाच्या किती पिढ्या त्या मिलच्या भोंग्यावर उठल्या आणि झोपल्या! आपण बेझनबाग म्हणतो, ते नावसुद्धा त्या मिलचे मॅनेजर बेझनजी मेहता यांच्यावरून पडलेले आहे. आज मिलच्या जागेवर मॉल उभा आहे. मिल बंद झाल्यावर किती कामगार घरी बसले, किती देणी थकली, हे सारे बोलले गेले, लिहिले गेले. पण त्या घरांतल्या मुलांची झोप कशी होती, त्यांचे पोट कसे होते, हे कोणी मोजले नाही.

आमचे यजमान मिलमध्ये नव्हते, एका लहान कारखान्यात होते. त्यांचेही काम त्याच सुमारास सुटले. माझा पगार होता म्हणून चूल पेटत होती. पण घर बांधायला काढलेले कर्ज होते, नणंदेचे लग्न तोंडावर होते. पुरुष माणूस घरी बसला की त्याच्या मनात काय काय येते ते तुम्ही जाणता. आम्ही दोघेही मुलासमोर काही बोलत नव्हतो. रात्री तो झोपला की हळू आवाजात बोलायचो. आम्हाला वाटायचे, पोराला काही माहीत नाही.

पोरगा तिसरीत. सकाळची शाळा. जून-जुलै बरा गेला आणि मग सुरू झाले. साडेसहाला उठवले की पोट धरून बसायचा. "आई, बेंबीपाशी दुखते." मी ओवा दिला, हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावले. शेजारच्या काकू म्हणाल्या, बेंबी सरकली असेल, चोळून घ्या. तेही केले. जंताचे औषध झाले. आमच्याच डॉक्टरांना दाखवले. लघवी, संडास, रक्त, सोनोग्राफी, सगळे साफ. दहा वाजले की पोट थांबायचे आणि पोरगा अंगणात बापाजवळ खेळायचा. रविवारी तर दुखायचेच नाही.

आता सांगा, मी काय समजले असेन? मी नर्स बाई! मी म्हटले, हा शाळा बुडवायला नाटक करतो. एक दिवस ड्युटीला उशीर होत होता, तेव्हा त्याला हाताला धरून ओढत फाटकापर्यंत नेले आणि चारचौघांत म्हटले, "खोटारडा आहेस तू." तो काहीच बोलला नाही. रस्त्यातच त्याला उलटी झाली.

पुढे सासूबाई गावाहून आल्या. त्या शाळा शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी त्याला काही विचारलेच नाही. दोन-चार दिवस नुसते जवळ घेऊन झोपल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. चौथ्या रात्री त्यानेच विचारले, "आजी, बाबा मरतील काय?" त्याने एका रात्री बापाच्या तोंडून ऐकले होते, "यापेक्षा मेलेलं बरं." त्या दिवसापासून त्याने हिशेब मांडला होता. आई ड्युटीवर जाते, मी शाळेत जातो, मग बाबा घरी एकटेच राहतात. रविवारी सगळे घरी, म्हणून रविवारी पोट दुखत नव्हते.

सासूबाई मला म्हणाल्या, "पोट्टं बापाची राखण करून राह्यलं वं, अन् तू त्याले खोटारडा म्हणून राह्यली."

ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. माझ्या मुलाने नाटक केले नव्हते. त्याचे पोट खरेच दुखत होते. "मला भीती वाटते" हे सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हते, आणि आमच्याजवळ ऐकायला कान नव्हते.

आता हे कसे होते, ते थोडे समजून घेऊ. आपल्या बोलीला हे केव्हाचे माहीत आहे. आपण म्हणतो, पोटात गोळा आला, पोटात धस्स झाले, पोटात कालवले. गुपित ठेवायचे तर 'पोटात ठेव' म्हणतो. हे काही उगीच नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे आहे, आणि ते मेंदूशी मोठ्या नसांनी जोडलेले आहे. निरोप दोन्हीकडून जातात. भीती, काळजी, अपुरी झोप यांनी आतड्याची हालचाल बदलते. कधी ती वाढते, कधी मंदावते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतड्याच्या नसा हळव्या होतात. एरवी वारा सरकला, जेवण पुढे गेले तर आपल्याला पत्ताही लागत नाही. हळव्या झालेल्या नसांना तेच दुखणे म्हणून जाणवते. एखाद्या जागी आधीच खरचटलेले असले की तिथे नुसता कपडा लागला तरी चुरचुरते, तसे समजा. सोनोग्राफीत आतड्याचा आकार दिसतो, नसांचा हळवेपणा दिसत नाही. म्हणून रिपोर्ट साफ येतो. रिपोर्ट साफ आला याचा अर्थ दुखणे खोटे असा होत नाही.

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात डॉ. जॉन अ‍ॅपली नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली ती प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, खेळ-अभ्यास थांबावा इतके पोट दुखणारी मुले त्यांना दहात एक या प्रमाणात आढळली. त्यांचा एक साधा आडाखा डॉक्टर लोक अजून सांगतात: दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका शरीरातला आजार असण्याचा संभव जास्त. पुढे श्रीलंकेतल्या शाळांमध्ये पाहणी झाली, तिथेही प्रमाण साधारण दहात एक निघाले, आणि त्यातल्या सुमारे पाऊण मुलांमध्ये तपासणी करून कोणताही शारीरिक आजार सापडला नाही. मलेशियातही असेच आढळले, आणि घरात काही मोठे घडून गेलेल्या मुलांत हे दुखणे जास्त दिसले. म्हणजे हे केवळ आपल्या वस्तीचे किंवा गरिबाचे दुखणे नाही.

घरात मोठे काय घडते? कमावत्याचे काम जाते. आजी-आजोबा जातात. आई रुसून माहेरी जाते. बापाची दारू वाढते. घर बदलते, शाळा बदलते. धाकटे भावंड येते आणि आईची मांडी जाते. कोणी दवाखान्यात भरती होते. आणि अलीकडचे आपण सगळ्यांनी भोगलेले म्हणजे कोरोना. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या नागपुरात काय परिस्थिती होती ते मी वेगळे सांगायला नको. माणूस चालत दवाखान्यात गेला आणि परत आला नाही, त्याचा चेहराही घरच्यांना धड पाहायला मिळाला नाही. त्या घरांतल्या लहान मुलांना कोणी सांगितले, "बाबा गावाला गेले." मूल वाट पाहते. त्याला कळते की मोठी माणसे काहीतरी लपवत आहेत. मग तेही लपवायला शिकते, पोटात ठेवायला शिकते.

काही गोष्टी मोठ्यांना लहान वाटतात पण मुलाला डोंगराएवढ्या असतात. शाळेत कोणी आडनावावरून हिणवते. गणिताच्या तासाला छडी मिळते. आणि भगिनींनो, एक गोष्ट जरा अवघड आहे, पण सांगितलीच पाहिजे. एखादे मूल एका विशिष्ट माणसाजवळ किंवा एका विशिष्ट घरी जायचे म्हटले की पोट धरत असेल, तर त्याला रागावू नका. त्याला एकांतात विचारा आणि ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, तो लिहून ठेवा.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, "चला, म्हणजे सगळे टेन्शनच आहे." थांबा! हीच दुसरी चूक आहे, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते.

आमच्या वॉर्डात एकदा दहा वर्षांची एक मुलगी भरती झाली. आई-वडिलांचे पटत नव्हते, आई भावाकडे राहत होती. मुलीचे पोट दुखायचे, हातपाय दुखायचे. सगळ्यांनी वर्षभर म्हटले, "घरच्या भांडणाचा परिणाम आहे, टेन्शन आहे." आमच्याकडे आली तेव्हा डोळे पिवळसर आणि तळहात पांढरे होते. तपासले तर सिकलसेल, एस-एस पॅटर्न. भांडणही खरे होते आणि आजारही खरा होता. भांडण दिसले म्हणून आजार कोणी शोधलाच नाही.

विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि भयंकर वेदना होतात, पोटातसुद्धा. पाणी कमी प्यायले, थंडी लागली, ताप आला की त्रास उसळतो. लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली अचानक फुगल्यासारखे झाले आणि मूल पांढरे पडले, तर एक तासही वाया घालवू नका, दवाखाना गाठा. रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी सरकारी दवाखान्यात होते, त्यात आढळले तर पुढची तपासणी करतात. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे ए-एस असले, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता एस-एस मूल होण्याची असते. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. ज्यांनी तपासणी केली नाही त्यांनी करून घ्यावी.

म्हणून खालील लक्षणे असतील तर मनाचा विचार नंतर, डॉक्टर आधी. दुखणे बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली असणे, किंवा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे सरकणे (हे अपेंडिक्सचे असू शकते). दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठणे. वजन घटणे, वाढ खुंटणे. संडासातून किंवा उलटीतून रक्त, काळा संडास, हिरवी उलटी. रेंगाळणारा ताप, कावीळ, सांधे सुजणे, लघवीला जळजळ. मुलग्याच्या अंडाशी दुखणे, हे तर लगेच दाखवायचे.

आणखी दोन साधी कारणे. एक जंत. दरवर्षी शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती मुलाने खाल्ली की नाही ते विचारा. दुसरे बद्धकोष्ठ. शाळेचा संडास घाण असतो, दाराला कडी नसते, म्हणून मुली सकाळपासून दाबून धरतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. मग पोट दुखणार नाही तर काय होईल! हे दुखणे गोळीने बरे व्हायचे नाही. पालकसभेत उठून "संडासाला कडी लावा, पाणी द्या" असे म्हणावे लागेल. पोटदुखीचा इलाज कधी कधी सुताराकडेही असतो.

तर दवाखान्यात दाखवून झाले, धोक्याचे काही नाही असे डॉक्टरांनी सांगितले. आता घरात काय करायचे?

पहिली गोष्ट, "तुझं पोट दुखते, हे मला माहीत आहे" असे मुलाला म्हणा. एवढ्या एका वाक्याने अर्धे काम होते.

दुसरी गोष्ट, घरात जे घडले ते त्याच्या वयाला झेपेल इतके, पण खरे सांगा. आमच्या यजमानांनी शेवटी हेच केले. त्याला जवळ घेतले आणि म्हणाले, "बाबू, ते मी रागात बोललो. मी कुठे जात नाही. काम गेलं आहे, दुसरं शोधतो आहे. काम शोधणं माझी ड्युटी, शाळेत जाणं तुझी ड्युटी." त्यांच्या डोळ्यात पाणी होते. पोरगा मात्र हसला.

तिसरी गोष्ट, दुखण्याभोवती घर फिरवू नका. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मुलांना पोट तट्ट फुगेपर्यंत पाणी प्यायला दिले. काही आयांना सांगितले, सारखी विचारपूस करा. काहींना सांगितले, दुसऱ्या गप्पांत मन रमवा. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी खूप वाढल्या, मन रमवलेल्यांच्या कमी झाल्या. गंमत अशी की पोटदुखीच्या मुलांच्या आयांना वाटत होते, मन दुसरीकडे वळवणेच वाईट. मुलांना स्वतःला मात्र त्यानेच बरे वाटले. म्हणून दर तासाला "आता दुखते काय?" विचारू नका. दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या, जवळ बसा, गोष्ट सांगा. आणि पोट न दुखता खेळत असेल तेव्हाही जवळ घ्या. पोट दुखले तरच आई जवळ येते, असे मुलाला शिकवू नका.

चौथी गोष्ट, शाळा सोडू नका. उशिरा जाऊ द्या, अर्धा दिवस जाऊ द्या, पण जाऊ द्या. गुरुजींना किंवा बाईंना आधी भेटून सांगा. घरी बसलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेची भीती दुप्पट वाटते.

पाचवी गोष्ट, दर आठवड्याला डॉक्टर बदलू नका आणि साफ निघालेल्या तपासण्या पुन्हा पुन्हा करू नका. पैसे जातात, आणि मुलाला वाटते, आपल्याला नक्कीच मोठा रोग आहे.

सहावी गोष्ट मोठ्यांसाठी. ज्या घरात "मेलेलं बरं" हे वाक्य निघते, तिथे आधी ते बोलणाऱ्या माणसाला आधार हवा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट. तिथे आपल्या भाषेत बोलता येते. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे होणे नव्हे. बापाचे मन सावरले की पोराचे पोट आपोआप सैल होते.

हे सगळे केल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या मुलाचे पोट थांबले असे मी सांगणार नाही. दिवाळीपर्यंत मधूनमधून दुखतच होते. मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, आणि कधी थांबले ते आमच्या लक्षातही आले नाही. यजमानांना कायमचे काम मिळायला त्यानंतरही बराच काळ लागला. म्हणजे संकट संपले नव्हते, पण पोरगा त्यात एकटा राहिला नव्हता.

शेवटी, आपण विहारात बसलो आहोत म्हणून एका गोष्टीची आठवण देते. विनयपिटकाच्या महावग्गात आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन तिथे आले. त्यांनी त्याला उपदेश केला नाही. दोन प्रश्न विचारले. तुला काय होते आहे? आणि तुझी काळजी घ्यायला कोणी आहे काय? मग आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले.

बंधू-भगिनींनो, माझे सारे व्याख्यान या दोन प्रश्नांत आहे. त्या दहा वर्षांच्या मुलीला पहिला प्रश्न कोणी नीट विचारला नाही. माझ्या मुलाला दुसरा प्रश्न मी विचारला नाही. लेकराला दोन्ही विचारायचे असतात, आणि याच क्रमाने.

आपल्या वस्तीत आज ज्या घरात काही घडले असेल, काम गेले असेल, माणूस गेले असेल, तिथे आपण पाच बाया बसायला जातो, डाळ-तांदूळ देतो. ते चांगलेच आहे. इथून पुढे एवढे करा, त्या घरातले मूल कुठल्या कोपऱ्यात बसले आहे ते पाहा. त्याच्याजवळ दोन मिनिटे बसा. रविवारी त्याला इथे विहारात घेऊन या, चार पोरांत खेळू द्या. माझ्या सासूबाईंनी यापेक्षा वेगळे काही केले नव्हते.